प्रतिसाद: कोशिंबीर वाढवून मळमळ थांबेल का?

फायबर वाढवा, रोज वाटीभर कोशिंबीर खा म्हणजे मळमळ थांबेल, हा वरचा सल्ला बद्धकोष्ठतेला चालेल. पण धागा काढणाऱ्या ताईंना मधुमेहामुळे गॅस्ट्रोपरेसिस झालंय. त्यात जठरच मंदावलेलं असतं, आणि चोथा व तेलतूप त्याला आणखी मंद करतात. आमच्या पंचवटीतल्या घरी रविवारी सकाळी मिसळ ठरलेली. आईने ती खाल्ली आणि रात्री उलटीत मटकीचे दाणे जसेच्या तसे बाहेर आले. तोवर सगळे पित्तच म्हणत होते. डॉक्टरांना ते दाणे सांगितल्यावर त्यांनी जठर रिकामं होण्याचा स्कॅन करायला लावला. खाल्ल्यावर 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न पोटात उरलं तर जठर मंदावलंय असं धरतात.

आता ती दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते: गाळलेलं मुगाचं कढण, मऊ भात, सोललेला शिजवलेला दुधी. जेवल्यावर लगेच आडवी होत नाही. आणि ताई, इन्सुलिन घेत असाल तर उलटीच्या दिवशी साखर नक्की तपासा. अन्न पुढे सरकलेलं नसतं, पण इन्सुलिन आपलं काम करतच असतं, म्हणून साखर एकदम खाली येते. आईला तेव्हा हातापायाला दरदरून घाम फुटला होता.