टर्न-बेस्ड की पॉजवालं? ‘रॅथ’मध्ये दोन्हीकडून अडकलोय

सावधचोर:
‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम संपला, भूक काही भागली नाही, म्हणून ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस’ सुरू केला. यात टर्न-बेस्ड (एकेकाने पाळीपाळीने लढायचं) आणि रिअल-टाइम (सगळे एकाच वेळी लढतात, हवं तेव्हा पॉज करून हुकूम द्यायचे) दोन्ही आहे, लढाई चालू असतानाही बदलता येतं. पण टर्न-बेस्ड लावलं की प्रत्येक फुटकळ चकमक लांबते. आपले सहा, समोर डझनभर राक्षस, निम्मे वार हुकतात आणि मी आपला बघत बसतो. रिअल-टाइम लावलं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत कोणीतरी आडवं झालेलं असतं, का ते कळतच नाही.

बाल्डर्स ३ मध्ये टर्न-बेस्ड एकदाही रटाळ वाटलं नाही. मग इथेच काय बिनसलं? पुढे पहिला बाल्डर्स गेट आणि ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ खेळायचा विचार आहे. त्यासाठी पॉजची सवय लावून घेण्यात अर्थ आहे का? डिफिकल्टी कमी करून गोष्ट एन्जॉय करा, असे सल्ले कृपया नकोत. मला मारामारीच आवडते.

लोखंडीढाल:
टर्न-बेस्ड. विषय संपला. पॉजवाल्या गेममध्ये माझं अर्धं लक्ष पॉजच्या स्पेसबारवर आणि अर्धं ‘हा मूर्ख दारात का अडकलाय’ यावर असतं.

जुनाजादूगार:
@लोखंडीढाल, विषय इतक्यात संपत नाही हो. :)

सावधचोर, तुमची गल्लत टर्न-बेस्ड आणि रिअल-टाइममध्ये नाही. त्या गेममध्ये लढाया *किती* आहेत ते बघा. बाल्डर्स ३ मधली जवळजवळ प्रत्येक लढाई हाताने मांडलेली आहे. वर चढायला जागा, ढकलून द्यायला कडा, फोडायला पिंपं, आणि शत्रू मोजके. ती लढाई अर्धा तास चालली तरी त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काहीतरी असतं. ‘रॅथ’ आणि त्याआधीचा ‘किंगमेकर’ हे इन्फिनिटी इंजिनच्या (ज्यावर पहिला बाल्डर्स गेट बांधला त्या सॉफ्टवेअरच्या) वंशातले. तिथे रस्ताभर किरकोळ शत्रूंचे घोळके पेरलेले असतात, कारण रिअल-टाइममध्ये असा घोळका काही सेकंदांत साफ होतो. ‘किंगमेकर’ २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात टर्न-बेस्ड नव्हतंच, ते २०२० मध्ये जोडलं. लढाया मात्र तेवढ्याच राहिल्या. ‘रॅथ’मध्ये दोन्ही प्रकार पहिल्यापासून होते, पण घोळके पेरायची खोड गेली नाही. तुम्ही झाडूने काढायचा केर चिमट्याने वेचताय.

आता पॉजकडे. १९९८ च्या बाल्डर्स गेटमध्ये वरून सगळं सलग चाललेलं दिसतं, पण आत फेऱ्याच आहेत. प्रत्येक पात्राची स्वतःची सहा सेकंदांची फेरी असते आणि त्या सगळ्या एकाच वेळी पळत असतात. तुमची लेव्हल एकची जादूगारीण (जास्तीत जास्त चार हिट पॉइंट म्हणजे जीव, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा दणकट असेल तर एक-दोन जास्त) मंत्र पुटपुटत असताना तिला बाण लागला की मंत्र गेला. बाल्डर्स ३ मध्ये मंत्र टाकला की लगेच लागू. मार बसला तर कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवून धरणारं लक्ष) तुटू शकतं, पण ते नंतरचं, आणि तेही ज्या मंत्रांना लागतं त्यांचंच. म्हणून जुन्या गेममध्ये कास्टिंग टाइम (मंत्र पुटपुटायला लागणारा वेळ) हा आकडा जीवन-मरणाचा आहे. नव्यात तो आकडाच उरलेला नाही.

फायरबॉल, म्हणजे स्फोट होणारा आगीचा गोळा, घ्या. बाल्डर्स ३ मध्ये शत्रू आपल्या पाळीपर्यंत पुतळ्यासारखे उभे. वर्तुळ सरकवत, आपला माणूस कडेला सोडून, हवा तसा बॉम्ब टाकता येतो. प्रश्न एवढाच, की शत्रू पांगायच्या आत तुमची पाळी येते का. तिथे इनिशिएटिव्हला (पाळ्यांचा क्रम ठरवायला) फासा फक्त चार बाजूंचा असल्यामुळे डेक्स्टेरिटीवाले (चपळ पात्रं) सहसा आधी येतात, आणि ‘अलर्ट’ फीटचे (निवडून घ्यायच्या खास गुणाचे) +५ म्हणजे जवळपास हमी. पहिल्या बाल्डर्समध्ये तुम्ही नेम धरता तिथे स्फोट होईपर्यंत शत्रू उरलेला नसतो आणि तुमचा पोरगा धावत नेमका तिथेच पोचलेला असतो. म्हणून आधी ढालवाला दारात उभा करायचा, सगळे त्याच्याभोवती गोळा होऊ द्यायचे, आणि गोळा त्यांच्या पाठीमागच्या रांगेवर टाकायचा. मंत्राचं नाव तेच, पण कसब वेगळं. मला स्वतःला दुसरं जास्त आवडतं, पण ते माझं वय बोलतंय असंही समजा.

आणि ‘का पडला ते कळत नाही’ याला उपाय आहे: ऑटो-पॉज. सेटिंगमध्ये जाऊन शत्रू दिसला की थांब, आपला माणूस जखमी झाला की थांब, ज्याला मारत होतो तो मेला की थांब, हे चालू करा. पहिल्या बाल्डर्सपासून अशा सोयी आहेत आणि लोक त्या न लावता पॉजला शिव्या देतात. खालची लढाईची नोंदही वाचत जा, कोणाच्या फाशाने घात केला ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

सावधचोर:
हे वाचून ‘रॅथ’मध्ये ऑटो-पॉज लावून बघितलं. बराच फरक पडला. घोळक्यांना रिअल-टाइम, मोठ्या धेंडांना टर्न-बेस्ड असं करतोय. पण मग ‘पिलर्स’चा दुसरा भाग, ‘डेडफायर’, टर्न-बेस्डमध्येच सुरू करू का? त्यातही दोन्ही आहे असं ऐकलं.

तिरकसबाण:
आहे, पण २०१८ मध्ये गेम आला तेव्हा नव्हतं. पुढच्या वर्षी अपडेटमधून आलं आणि त्याचे चटके बिल्डला (पात्राच्या गुण-हत्यारांच्या निवडीला) बसतात. मूळ रिअल-टाइममध्ये हलकं हत्यार म्हणजे जास्त वार, जड हत्यार म्हणजे कमी पण मोठे वार. टर्न-बेस्डमध्ये प्रत्येकाला फेरीत एकच मुख्य कृती, मग वेगाचा उपयोग मुख्यतः क्रमांक ठरवायला. खंजीरवाला चोर बिचारा मार खातो आणि दोन हातांची अजस्र तलवारवाला राजा होतो. तुमचं नाव बघता सांगून ठेवतो. ;)

बाकी फेरी-फेरीने खेळायचंच असेल तर मुळापासून तसाच बांधलेला गेम घ्या. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ (२०१७), ‘बाल्डर्स ३’वाल्या लॅरियनचाच. ॲक्शन पॉइंट (पाळीत कृतींवर खर्चायचे गुण), तेलावर आग, पाण्यावर वीज. एकच खुपतं: शारीरिक आणि जादूची चिलखतं वेगवेगळी आहेत. एखाद्याला आडवं पाडायचं तर आधी त्याचं शारीरिक चिलखत शून्यावर आणावं लागतं, गोठवायचं तर जादूचं. त्यामुळे अर्धी पार्टी तलवारीने आणि अर्धी मंत्राने लढली की दोघंही एकमेकांना मदत न करता वेगवेगळ्या भिंती फोडत बसतात.

लोखंडीढाल:
चला, मीही कबूल करतो की सगळं टर्न-बेस्ड सोनं नाही. पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये (१९९७) डोळ्यावर नेम धरून गोळी मारण्यातली मजा आजही कुठे नाही. पण भर वस्तीत भांडण काढलंत तर लढाईत ओढल्या गेलेल्या प्रत्येक गावकऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबा! वर सोबती आपलं ऐकत नाहीत, पाठीत गोळ्या घालतात. ऑप्शनमध्ये लढाईचा वेग वाढवायची पट्टी आहे, ती आधी शेवटपर्यंत ओढा.

धुळीतलापाय:
विषयांतराची माफी, पण ‘मॉरोविंड’ (२००२) कोणी काढलाच नाही? दिसायला ॲक्शन, आतून फासा. तलवार खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि गेम म्हणतो हुकली. नवीन माणूस इथेच गेम सोडतो. खरी मेख फटीगमध्ये (दमात) आहे. पळत पळत शत्रूपर्यंत जाता, हिरवी पट्टी रिकामी होते, आणि रिकाम्या पट्टीने वार लागण्याची शक्यता घसरते. चालत जा, ज्या हत्याराचं स्किल मेजर (पात्र बनवताना निवडलेलं मुख्य) आहे तेच हातात घ्या, मग लागायला लागतात.

जुनाजादूगार:
@तिरकसबाण, चिलखतांबद्दल शंभर टक्के सहमत.

@सावधचोर, पहिल्या बाल्डर्सला हात लावाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: तिथे आर्मर क्लास (वारांपासून बचावाचा आकडा) जितका *कमी* तितका चांगला, उणे गेला तर उत्तमच. आणि सुरुवातीला जादूगाराला ‘स्लीप’ (शत्रूला झोपवणारा मंत्र) द्या. लेव्हल एकला त्याच्याइतकं घातक काही नाही, झोपलेल्यावर वार चुकत नाही. तेवढ्यावर गाव सोडून पहिल्या खाणीपर्यंत पोचाल. लांडग्यांचा कळप दिसला तर मात्र आधी स्पेसबार, मग विचार.