पळसाच्या रंगाचं प्रमाण हवंय (रंगपंचमी)

नमस्कार मंडळी. फाल्गुन वद्य पंचमीला सोसायटीत २०० लिटरच्या पिंपात फुलांचा रंग करायचा आहे. नाशकात शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडींत (रंग खेळायच्या जमिनीतल्या दगडी हौदांत) फुलं उकळून रंग करायची जी रीत, तीच छोट्या प्रमाणावर. (पिंपात धप्पा, म्हणजे रहाडीत मारतात तशी उडी, मारता येणार नाही, हे मान्य!)

नमुना असा: अर्धा किलो वाळलेली पळसफुलं, देठ काढून, ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी मंद आचेवर पाऊण तास उकळून सुती फडक्यातून गाळली. रंग पिवळाच आला. चुन्याची वरची निवळी दोन चमचे घातल्याबरोबर केशरी झाला, कारण पळसातलं रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात गडद होतं. निवळीच घ्यायची, खालचा गाळ पडला की अंग चुरचुरतं आणि डोळ्यांना तर फारच वाईट. लोखंडी कढईतला घाणा काळपट पडला, तो बाद. आता स्टीलचं पातेलं.

अडलंय ते इथे. पूर्ण पिंपाला फुलं किती किलो लागतील? पातळ केल्यावर पांढऱ्या सदऱ्यावर रंग नीट उठायला हवा. तुरटी घालावी का, आणि चुन्याच्या आधी की नंतर? अर्क दोन दिवस आधी काढला तर उन्हाळ्यात आंबतो. मग तो पहाटेच उकळावा का? शिवाय रविवार कारंजा किंवा पंचवटीत चांगली वाळलेली, बुरशी न लागलेली फुलं कुठे मिळतील?

ज्यांनी रहाडीचा रंग प्रत्यक्ष शिजवलाय, त्यांनी जरूर सांगा.