गोगलगायी रोपं फस्त करतायत; विष न घालता काय करता येईल?

पानवेडी
मंडळी, मदत हवी आहे. गेली चार वर्षं बागेत एकही रासायनिक औषध फिरकलेलं नाही. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग आहे, घमेल्याएवढं डबकं आहे, त्यात बेडूक आहेत. पण पाऊस सुरू झाल्यापासून झेंडूची आणि कोबीची रोपं रातोरात गायब होतायत. काल रात्री टॉर्च घेऊन गेले. बोटभर उंचीच्या एका रोपावर तीन बिनशंखाच्या गोगलगायी! एक देठाला बिलगून पान कडेकडेने संपवत होती. कान अगदी जवळ नेला तर किसल्यासारखा बारीक आवाज येत होता. सकाळी नुसते देठ उरले होते आणि चकाकणारे माग. विषाच्या गोळ्या टाकायला मन धजत नाही. तुम्ही काय करता?

मातीचे हात
मीठ टाका. लगेच मरतात.

शेवाळ
मीठ नका टाकू. ते मातीत उरतं, कोवळ्या रोपांची मुळं करपतात, गांडुळांनाही त्रास होतो. शिवाय त्या जिवाचे हाल फार वाईट होतात.

ताई, तुम्ही ऐकलेला आवाज खरा आहे. गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे. म्हणून कोवळं पान तिला सोपं जातं आणि जून, जाड पान अवघड. माझा सगळा उपाय यावरच उभा आहे: रोप कुंडीत, उंचावर वाढवायचं आणि पाच-सहा पक्की पानं आली की मगच वाफ्यात लावायचं. लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सांभाळायचे. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ आणि तोंड कापून ते नळकांडं रोपाभोवती दोन बोटं मातीत रोवते. त्याआधी आतल्या मातीत कुणी लपलेलं नाही ना, ते बोटाने चाचपून बघा, नाहीतर शत्रू आत आणि रोपही आत!

पाणी संध्याकाळी घालत असाल तर सकाळी घाला. रात्री वरची माती सुकी असली की त्यांना सरपटणं जड जातं. पावसात अर्थात याचा उपयोग नाही.

उंबराखाली
अंड्यांची टरफलं, तांब्याची पट्टी, खडी हे सगळं करून थकलो होतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम संस्थेने २०१८ मध्ये असेच पाच अडथळे तपासले, त्यात टरफलं आणि तांब्याची पट्टीही होती. एकानेही नुकसान कमी झालं नाही.

मला गुण आला तो ओल्या गोणपाटाचा. संध्याकाळी वाफ्याशेजारी अंथरायचं, सकाळी ऊन चढायच्या आत उलटायचं. खाली सगळी मंडळी गोळा झालेली असतात. उचलताना हातमोजे घालाच, काहींच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असतात. मातीत ज्वारीच्या दाण्याएवढी पांढुरकी अंडी पुंजक्याने दिसली तर तीही काढा.

मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय सापडली तर दुसरीकडे नेऊन सोडू नका. ती जाईल तिथे उच्छाद मांडते.

सांजवेळ
गोळ्यांबद्दल कळकळीने सांगते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांना कुत्र्यांना आवडेल असा वास असतो. आमच्या कुत्रीने शेजारच्या वाफ्यातल्या खाल्ल्या. अंग थरथरायला लागलं, मग झटके. वेळेत उपचार मिळाले म्हणून वाचली. ब्रिटनमध्ये बागेत आणि शेतात त्या वापरायला २०२२ पासून बंदी आहे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या तुलनेने बऱ्या, पण त्याही मोजक्याच टाकाव्यात.

काजवा
सगळ्याच गोगलगायी मारायच्या नसतात, हेही कुणीतरी सांगायला हवं. कितीतरी जाती कुजकी पानं आणि बुरशीवरच जगतात. नेदरलँड्समध्ये आम्लधर्मी झालेल्या जंगलांत गोगलगायी कमी झाल्या, तेव्हा तिथल्या वल्गुली या चिमुकल्या पक्ष्यांना कॅल्शियम पुरेनासं झालं आणि त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ निघायला लागली. १९९४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. शंख म्हणजे पक्ष्यांचा चुना आहे!

आणि तो पालापाचोळ्याचा ढीग हलवू नका, फक्त रोपांपासून लांब ठेवा. त्यात भुंगेरे राहतात, काजव्यांच्या अळ्याही असू शकतात. ही अळी गोगलगायीला चावून बधिर करते आणि शंखातच तिचा रस करून पिते. मी एकदा तासभर उकिडवा बसून पाहिलंय. शेवटी शंख आतून धुतल्यासारखा स्वच्छ!

पानवेडी
तीन आठवड्यांनी लिहितेय. बाटलीची नळकांडी आणि गोणपाट, दोन्ही केलं. पहिल्या सकाळी एकोणतीस निघाल्या, काल चार. कोबीची नऊ रोपं उभी आहेत, झेंडूची दोन गेली. काजवादादा, काल ढिगाच्या कडेला चपटी, काळी, खवल्याखवल्यांची अळी एका शंखात डोकं घालून बसली होती. शेपटाकडे हिरवट उजेड होता. मी टॉर्च बंद करून तिथेच बसले.