वनराज भाटिया : कामांची यादी कशी लावावी?

(खर्ज, झाला, मध्यसप्तक ही चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं.)

प्रश्न (खर्ज): संगीतकार वनराज भाटियांच्या कामांची वर्षवार यादी करतोय. गाण्यांच्या संकेतस्थळांवर 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून' या चित्रपटांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. मालिका, जाहिराती कशा धरायच्या? आणि 'तमस' १९८७ चं की १९८८ चं?

झाला: आधी 'कामाचा प्रकार' असा रकाना करा : गाणी, पार्श्वसंगीत, शीर्षकसंगीत, जाहिरात. त्याशिवाय यादी लंगडीच राहणार. 'परदेस'ची (१९९७) गाणी नदीम-श्रवणची, पार्श्वसंगीत मात्र भाटियांचं. कॅसेटवर सहसा गाणीच असायची, आणि बऱ्याच याद्या कॅसेटवरून उतरवलेल्या. म्हणून नाव गळतं. उपाय एकच : श्रेयनामावली थांबवत थांबवत वाचा. 'संगीत' आणि 'पार्श्वसंगीत' या पाट्या वेगळ्या असतात, कधी मध्ये चार पाट्या जातात. इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी चढवलेल्या प्रतीत नेमकी हीच कापलेली असते, तेव्हा अखंड प्रत शोधा.

मध्यसप्तक: 'तमस'ला दोन्ही वर्षं लावा. ही मालिका दूरदर्शनवर आली १९८८ मध्ये. भाटियांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ३५ व्या पुरस्कारांत, म्हणजे १९८७ च्या कामांसाठी. एकच रकाना ठेवला की कुणीतरी 'दुरुस्ती' करणारच. ती सलग चित्रपट म्हणूनही दाखवली जाते, नोंद मात्र एकदाच.

खर्ज: 'भारत एक खोज'चे ५३ भाग. ५३ नोंदी?

मध्यसप्तक: छे, एक. पण तिच्याखाली शीर्षकसंगीताच्या दोन उपनोंदी हव्यात, हे बहुतेक जण विसरतात. सुरुवातीला नासदीय सूक्त (ऋग्वेद १०.१२९), शेवटी हिरण्यगर्भ सूक्त (१०.१२१). संस्कृताला जोडून येणारं हिंदी रूपांतर वसंत देवांचं, ते श्रेय वेगळं लिहा.

झाला: जिंगल्सच्या (जाहिरातींतल्या छोट्या गाण्यांच्या) वाटेला एकेक करून जाऊ नका, आकडा ७,००० च्या वर सांगतात. 'लिरिल'सारख्या खात्रीच्या तेवढ्या घ्या. मैफिलीसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य रचनांचा मात्र स्वतंत्र तक्ता करा : वाद्यं, कालावधी, पहिलं सादरीकरण. भाटियांचं शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, मग पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे. हा माणूस चित्रपटाआधी पाश्चात्त्य संगीतातला. कर्नाडांच्या नाटकावरचा 'अग्निवर्षा' हा ऑपेराही त्याच तक्त्यात. त्याच नावाचा २००२ चा चित्रपट वेगळा आहे, शोधताना गल्लत होते.