जुना डी८एच डोझर: पोनी, उताराचं स्टिअरिंग आणि लाटा पाडणारं ब्लेड

मुरूमगाडी (प्रश्न)

हात जॉयस्टिकच्या नव्या डोझरवर बसलेला आहे. आता साईटवर कॅटरपिलर डी८एच आहे, ४६ए सिरीज, पॉवरशिफ्ट (चालू मशीनवर गिअर बदलता येणारा), पोनी इंजिनवाला, म्हणजे मोठं डिझेल इंजिन सुरू करायला वेगळं छोटं इंजिन असलेला. काम मुरमाच्या भरावाचं आणि सपाटीकरणाचं, जागा उताराची. अडचणी अशा:

१) पोनी सुरू होतं, पण मोठं इंजिन कधी लगेच घेतं, कधी पंधरा मिनिटं नुसतं फिरवावं लागतं. पिनियन (पोनीला मोठ्या इंजिनाशी जोडणारं छोटं दातेरी चाक) टाकताना दात करकरतात.
२) रिकाम्या ब्लेडने उतार उतरताना डावा स्टिअरिंगचा दांडा ओढला तर मशीन उजवीकडे जातं. क्लच बिघडलाय का?
३) फिनिशिंगला जमिनीवर लाटा पडतात, पत्र्याच्या छपरासारख्या.

शिवाय एक कुतूहल. एवढी कटकट असून जुने ऑपरेटर या मशीनला नवऱ्या मुलासारखं का जपतात?

---

जुनंडिझेल

पोनीपासून सुरू करतो, कारण तिथे घाई केली की दिवसभर भोगावं लागतं.

तुमचं डी३४२ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, बोअर १४६ मिमी, स्ट्रोक २०३ मिमी, एकूण साधारण २०.४ लिटर. त्यात प्रीकम्बशन चेंबर आहे, म्हणजे डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली. कॉम्प्रेशनची बरीचशी उष्णता त्या चेंबरच्या थंड भिंती खातात, म्हणून गार इंजिन डिझेल पेटवत नाही. दोन सिलिंडरचं पेट्रोल पोनी केवळ स्टार्टर नाही, तो हीटरही आहे. दोन्ही इंजिनांचं पाणी एकच, आणि पोनीच्या धुराची उष्णता मोठ्या इंजिनाच्या इनटेकला मिळते.

क्रम असा ठेवा. मशीन न्यूट्रलमध्ये, सेफ्टी लॉक लावलेलं, ब्लेड जमिनीवर. रेडिएटरचं पाणी, दोन्ही इंजिनांचं ऑईल बघा. पोनीचं ऑईल वेगळं असतं, ते बहुतेक जण विसरतात. पोनी सुरू करून चोक हळूहळू सोडा, दोनतीन मिनिटं सावकाश चालू द्या. पोनीचा क्लच सुटलेला असताना, पोनी अगदी हळू ठेवून पिनियन टाका. क्लचचा दांडा सोडण्याच्या बाजूला जोराने दाबला की आतला छोटा ब्रेक शाफ्ट थांबवतो. तो घासून गेला असेल किंवा अॅडजस्टमेंट बिघडली असेल तर दात करकरणारच. जबरदस्ती करू नका, मोठ्या इंजिनाच्या रिंग गिअरचे (पिनियन ज्यात बसतो त्या चाकाचे) दात गेले तर काम फार मोठं आहे.

पिनियन बसला की क्लच हळूच लावा आणि पोनीचा वेग वाढवा. मोठ्या इंजिनाचं डिझेल बंद ठेवूनच ते फिरवत राहा. ऑईल प्रेशरचा काटा उठेपर्यंत डिझेल द्यायचं नाही. गार सकाळी पाच मिनिटं, कधी जास्त. इनटेक मॅनिफोल्डला हात लावून बघा, कोमट लागलं की डिझेल उघडा, निम्म्या थ्रॉटलवर पेटेल. काही जुन्या मॉडेलांना डीकॉम्प्रेशनचा दांडा असतो. तिथे आधी कॉम्प्रेशन सोडून फिरवायचं, मग लावून.

पेटलं की पिनियन आपोआप बाहेर पडायला हवा. नाही पडला तर त्याच क्षणी पोनीचा क्लच सोडा, नाहीतर मोठं इंजिनच पोनीला झेपणार नाही इतक्या वेगाने पळवून फोडेल.

पोनी बंद करताना स्विच मारू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबू द्या, मग स्विच. त्याने कार्ब्युरेटरात पेट्रोलचा चिकटा साचत नाही.

---

उतारवाट

क्लच बिघडलेला नाही, उलट उत्तम काम करतोय.

सपाटीवर इंजिन चेनला (मशीन ज्यावर चालतं त्या लोखंडी पट्ट्याला) ढकलत असतं. डावा दांडा ओढला की डावा स्टिअरिंग क्लच सुटतो, त्या चेनला इंजिनाचा जोर मिळत नाही, ती मागे राहते, मशीन डावीकडे वळतं. उतारावर रिकामं मशीन स्वतःच्या वजनाने खाली पळू पाहतं आणि इंजिन त्याला धरून ठेवत असतं. आता डावा क्लच सोडला की डावी चेन मोकळी सुटते, उजवी अजून इंजिनाने धरलेली. मोकळी बाजू पुढे धावते, तोंड उजवीकडे फिरतं. म्हणून रिकामं उतरताना डावीकडे जायचं तर उजवा दांडा ओढायचा, ब्रेक न लावता. दुसरा मार्ग, डावा दांडा आणि डाव्या ब्रेकचं पेडल एकदम. म्हणजे डावी चेन सुटायच्या आधीच धरली जाते.

खरी गोम पुढे आहे. ब्लेडपुढे मातीचा ढीग असेल तर उतारावरही इंजिन ढकलत असतं, म्हणजे स्टिअरिंग सरळ चालतं. तो ढीग कडेवरून खाली पडला त्या क्षणी नियम उलटतो. भरावाच्या तोंडाशी अपघात होतात ते नेमके इथे. कडेवरून माती पूर्ण पडू देऊच नका. थोडी कडेला ठेवा, पुढच्या खेपेच्या ढिगाने ती ढकला. कडेला तेवढाच एक वरंबा राहतो.

उतारावर न्यूट्रल कधीच नको. पहिल्या गिअरमध्ये उतरा, आणि वेग वाढतोय असं वाटलं तर ब्लेड टेकवा. आणि हो, डिसेलरेटरचं पेडल गाडीच्या अॅक्सिलरेटरच्या उलट असतं, दाबलं की वेग कमी. घाबरून पाय उचलला की इंजिन पूर्ण वेगाला जातं. नव्या माणसाला हे आधी बंद मशीनवर बसवून पाठ करून घ्यावं.

डोक्यावर रोलओव्हरची मजबूत फ्रेम नसेल तर आडव्या उतारावर हे मशीन घालू नका. नुसती पत्र्याची टप म्हणजे सावली, संरक्षण नाही.

---

सरीवरंबा

लाटांबद्दल. कारण यंत्रात कमी, हाताच्या वेळेत जास्त.

ब्लेड चेनच्या पुढे आहे. ब्लेडने सोडलेला उंचवटा थोड्या वेळाने चेनखाली येतो, नाक वर उचलतं, त्याबरोबर ब्लेडही. ऑपरेटर ब्लेड खाली दाबतो, तोवर चेन उंचवटा ओलांडते, नाक खाली पडतं आणि ब्लेड खोल रुततं. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचते आणि आधीच्या चुकीत भर घालते. दिसल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. बुडाखाली नाक कलू लागल्याचं जाणवलं त्याच वेळी दांडा हलायला हवा, अगदी बोटभर.

पडलेल्या लाटा मोडायला त्यांच्या दिशेने जाऊ नका, तिरके जा, म्हणजे दोन्ही चेन एकाच वेळी एकाच उंचवट्यावर चढत नाहीत. ब्लेड अर्धं भरलेलं ठेवा. रिकामं ब्लेड उड्या मारतं, मातीचं वजन त्याला स्थिर करतं, शिवाय खळगे आपोआप भरत जातात. पहिला गिअर, एकसारखा वेग. शेवटची खेप मागे येताना ब्लेड फ्लोटवर, म्हणजे स्वतःच्या वजनाने जमिनीवर मोकळं, सोडून घ्या. पण दगड असतील तर फ्लोटवर मागे ओढू नका.

ढकलकामाला सरी पाडून काम करा. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेलं की दोन्ही बाजूंना वरंबे उभे राहतात आणि ब्लेडच्या कडेने माती सांडत नाही. दोन सऱ्यांमध्ये अर्धा-एक मीटरची भिंत ठेवा, ती शेवटी काढा. आणि जमेल तिथे उताराच्या दिशेनेच ढकला. शंभर मीटरच्या पुढे ढकलत बसणं हे डोझरचं काम नव्हे, तिथे टिपर लावा.

ढकलताना चेन जागेवर घसरू लागली तर ब्लेड जरा उचला, थ्रॉटल वाढवू नका. चेन हलत नाही आणि इंजिन ओरडतंय असं झालं तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाचा जोर ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) तापमान बघा. काटा लाल पट्ट्याकडे निघाला की लोड कमी करा.

---

जुनंडिझेल

कुतूहलाचं राहिलं. डी८एच १९५८ ते १९७४ बनला. शेवटच्या मशीनांना २७० एचपी, तेही अवघ्या १२८० आरपीएमवर. एवढं मोठं इंजिन इतक्या सावकाश फिरतं, म्हणून लोड आला की ते एकदम मरत नाही, आवाज खाली खाली जातो आणि तिथे टिकून ढकलत राहतं. ब्लेड किती भरलंय ते कानाने कळतं. चेनची रचना लांबट, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं मागचं दातेरी चाक) खाली, त्यामुळे नाक जड झालं की सीटमधून समजतं. सेन्सर नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही. बिघाड झाला तर तो दिसतो, ऐकू येतो किंवा गळतो. माझ्या मते त्या प्रेमाचं कारण हेच, बाकी पिवळ्या रंगाचं कौतुक.

पण डोळे उघडे ठेवून प्रेम करा. जड कामात तासाला ३५-४० लिटर डिझेल धरा. स्प्रॉकेट खाली असल्यामुळे चेनचा प्रत्येक धक्का फायनल ड्राइव्हला (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरना) जातो आणि त्याचं सील चिखलात असतं. फायनल ड्राइव्हचं ऑईल काढताना मॅग्नेटचा प्लग बघा: बारीक राखाडी चिकटा चालतो, तुकडे चालत नाहीत.

चेन हाच मोठा खर्च. ताण मोजायला मशीन पुढे नेऊन ब्रेक न लावता थांबू द्या. आयडलर (चेनचं पुढचं चाक) आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवा, मधली झोळ ४० ते ५० मिमी हवी. चिखलात काम असेल तर चिखलासकटच मोजा, धुतलेली चेन चिखल भरल्यावर तारेसारखी ताठ होते आणि पिन-बुश (कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांवरच्या नळ्या) भराभर खाते. सैल करताना ग्रीसचा रिलीफ व्हॉल्व्ह एकच फेरा फिरवा, तोंड समोर नको. तिथल्या प्रेशरने ग्रीस कातडीतून आत घुसतं. बुश एका बाजूने झिजतात, वेळेत १८०° पलटले तर चेनला दुसरं आयुष्य मिळतं. भोक पडेपर्यंत थांबलं तर काही उरत नाही. उगाच वेगात मागे पळवणं टाळा, रिव्हर्समध्ये बुश जास्त घासतात.

बंद करताना पाच मिनिटं आयडल, टर्बोसाठी.

---

मुरूमगाडी

उताराचं कोडं सुटलं. अजून एक: पोनीची डिपस्टिक काढली तर ऑईल खुणेच्या वर आहे, आणि पातळ लागतंय. टॉपअप तर कोणी केलेला नाही.

---

जुनंडिझेल

वास घ्या, पेट्रोल येईल. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) धरत नाही आणि कॉक उघडा राहतोय, रात्रभर पेट्रोल पोनीत उतरतं. आता सुरू करू नका. ऑईल काढून नवीन भरा, नीडल आणि सीट बदला, कॉक बंद केल्यावर पाईप सोडून थेंब पडतो का बघा. पडला तर कॉकही बदला. आणि हे करताना जवळ बिडी नको.