आडतीच्या कॉम्प्युटरला सिक्युरिटी सूट नको
लातूरच्या आडत दुकानातल्या ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर पूर्ण सिक्युरिटी सूट (अँटीव्हायरससोबत इतर सोयींचा संच) टाकावा की नुसता अँटीव्हायरस, असं विचारलंत. नुसता बास, अन् तोही विंडोजमध्ये आधीच असलेला डिफेंडरच. सूटमधलं व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा लपवणारी सोय), पालक नियंत्रण तिथं कोण उघडणार? रॅम मात्र खातील. फायरवॉल (नेटवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी सोय) विंडोजमध्ये आहेच.

खरी भीती टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, डेटाची. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तो अडकवू शकतो. विंडोज सिक्युरिटीतल्या ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू करा, डेटाचा फोल्डर जोडा आणि टॅलीला परवानगी द्या. नाहीतर ऐन सौद्याच्या वेळी टॅलीलाच नोंद सेव्ह करता येणार नाही, असं होऊ शकतं. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर मागं सरतो आणि ही सोयही बंद पडते.

रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या अन् तो लगेच काढून ठेवा. लावलेला राहिला तर रॅन्समवेअर आल्यास त्यातल्या फायलीही लॉक होतात.