तपासातल्या ‘टनेल व्हिजन’ला मराठीत काय म्हणाल?

मुग्धा
एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. विषय इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि मँचेस्टर भागातले १९७५ ते १९८० मधले तेरा स्त्रियांचे खून. १९७९ च्या जूनमध्ये पोलिसांकडे एक कॅसेट आली, ‘मीच तो’ म्हणणाऱ्याची. भाषातज्ज्ञांनी उच्चारांवरून गाव काढलं : संडरलंड. गाव अगदी बरोबर, पण कॅसेटवाला खुनी नव्हताच, थापाड्या होता. (२००५ मध्ये पाकिटावरच्या थुंकीतल्या डीएनएवरून सापडला, संडरलंडचाच!) पोलीस मात्र तो हेल नसलेल्यांना यादीतून वगळत बसले. खरा खुनी ब्रॅडफर्डचा ट्रकचालक. त्याची नऊ वेळा चौकशी झाली आणि नऊही वेळा तो सुटला. कॅसेटनंतर आणखी तिघी गेल्या.
एकाच संशयाला चिकटून बाकी काही न दिसणं, याला संहितेत ‘टनेल व्हिजन’ म्हटलंय. मी ‘बोगदादृष्टी’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, कोकण रेल्वेची जाहिरात वाटते.

सातारकर नाना
झापडं! आजोबांचा टांगा होता. घोडा बाजूचं बघून बुजू नये म्हणून डोळ्यांच्या कडेला चामड्याचे दोन तुकडे. ‘झापडबंद तपास’ लिहा.

चकली
नाना, ‘अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर झापड होती’ म्हटलं तर तो पेंगत होता असं वाटेल. शिवाय घोड्याला झापडं मालक बांधतो. इथे साहेबांनी स्वतःच बांधून घेतलीत.

अवधूत
तयार म्हण असताना शब्द कशाला पाडायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी.

चकली
सुळी. फाशी नंतर आली.

अवधूत
आमच्या सोलापुरात फाशीच.

मुग्धा
पण म्हण शेवट सांगते हो. मला वाट कशी चुकली ते सांगणारा शब्द हवाय. आणि इथे संन्याशी लटकलाच नाही, चोर मोकळा राहिला.

काळा कोट
संन्याशी लटकायची वेळ आपल्याकडे आली होती. २००३ सालचं महाराष्ट्रातलं दरोडा-खुनाचं प्रकरण. जखमी बाईने पोलिसांच्या अल्बममधून चौघांचे फोटो दाखवले होते. ते चौघे राहिले बाजूला आणि खटला चालला भटक्या जमातीतल्या दुसऱ्याच सहाजणांवर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. म्हणून माझं दुखणं वेगळं आहे. १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातींनाच ‘गुन्हेगार’ शब्द चिकटवला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ‘विमुक्त’ शब्द आला, पण पोलिसांची गाडी अजून त्यांच्याच वस्तीवर आधी जाते. आणि पेपरवाले लिहितात ‘संशयित आरोपी’. अरे, संशयित की आरोपी, एक काहीतरी ठरवा!

पंडितकन्या
मुग्धाताई, ‘पूर्वग्रहदूषित अन्वेषण’. शुद्ध आणि नेमका.

अवधूत
निवेदकाची जीभ वळायची नाही.

सातारकर नाना
आजी म्हणायची, ‘त्याच्यावर वहीम धरला’. हा शब्द कुठे गेला?

पंडितकन्या
अरबी आहे तो.

काळा कोट
मग गुन्हा फारसी, फिर्याद फारसी. ‘साक्षीदारा’ची तर शेंडी संस्कृत आणि शेपूट फारसी. कोर्ट बंदच करू का?

चकली
मला ‘आळ’ आवडतो. स्यमंतक मणी कृष्णाने आधी मागितला होता, म्हणून तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन परतला नाही तेव्हा सगळे कृष्णाकडेच बघू लागले. रानात प्रसेनाला सिंहाने मारलंय आणि सिंहाला जांबवंताने, हे बघायला कोणी गेलंच नाही. शेवटी ज्याच्यावर आळ त्यालाच माग काढत गुहेपर्यंत जावं लागलं. म्हणून चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही.

अवधूत
मी गेल्या वर्षी बघितला. आठवड्यात सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची चोरी माझ्यावर आली. मोटर दुरुस्तीला गेली होती.

मुग्धा
संहिता उद्या द्यायचीय. तूर्त ‘एकाच दिशेने गेलेला तपास’ लिहिलंय. गुळमुळीत आहे, माहीत आहे.

विदर्भकर
उशिरा आलो. नाना, घोड्याच्या त्या चामड्याला आमच्याकडे ढापणं म्हणतात, झापडं नाही.

सातारकर नाना
ढापणं म्हणजे चष्मा.

विदर्भकर
चष्म्याला नंतर म्हणू लागले. आधी घोडा.

चकली
आणि ढापणे म्हणजे चोरणे. पोलिसांबद्दल लिहिताना जपून.